गावकीची होस्ट

मनिषाच्या सभेत कोणी उशिरा आलं तर तिला राग येत नाही. पण कोणी मोबाइल छताकडे तोंड करून ठेवला की तिचं डोकं फिरतं. "भाऊ, तुमचा पंखा दिसतोय. पंख्याला काय विचारायचं मी?" असं ती बापाच्या वयाच्या माणसालाही तोंडावर सांगते, आणि तो माणूस निमूटपणे मोबाइल सरळ करतो. रत्नागिरीत मांडवीच्या रस्त्याला तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, पासपोर्ट फोटो असं सगळं लिहिलेलं आहे. ज्या कामासाठी तिला अर्धा तालुका ओळखतो, ते काम मात्र पाटीवर नाही, कारण त्याला काय म्हणायचं हेच तिचं अजून ठरलेलं नाही. लोकांनी परस्पर ठरवून टाकलंय. ते तिला मिटिंगवाली म्हणतात.

सुरुवात लॉकडाऊनमध्ये झाली. नणंदेच्या मुलीचं बारसं मुंबईत, आणि आजी, आत्या, मावश्या सगळ्या इकडे अडकलेल्या. मनिषाने व्हिडिओवर बारसं करायचं ठरवलं आणि सगळ्यांना लिंक पाठवली. पाळणा म्हणायची वेळ आली तेव्हा सगळ्या बायका एकदम सुरू झाल्या. आवाज कोणाचा आधी पोचला, कोणाचा मागून, आणि असा काही कालवा झाला की पाळण्यातलं बाळ दचकून रडायला लागलं. दुसरी एखादी असती तर तिने कानाला खडा लावला असता. मनिषाने आठवड्याभरात जावांना, शेजारणींना, दुकानात येणाऱ्या बायकांना जमवून पुन्हापुन्हा सराव केला आणि शोधून काढलं की अशा सभेत गाणं एकीनेच म्हणायचं असतं. बाकीच्यांनी आवाज बंद करून आपापल्या घरात म्हणावं. बायकांना ते आधी पटलं नाही. पण पुढे तिच्याच सभांमध्ये साखरपुडे झाले, नवरामुलगा भर समुद्रात बोटीवर आणि नवरीमुलगी सावर्ड्यात अंगठी घालून बसलेली, असेही झाले. वर्षश्राद्धं झाली, भजनं झाली. एका घरच्या वाटणीची बोलणी झाली, आणि त्यात तिने दोन भावांना वेगवेगळ्या खोलीत टाकून थंड होईपर्यंत बाहेर येऊ दिलं नाही. मोबाइलमध्ये तशी सोय असते हे त्या भावांना तेव्हाच कळलं.

तिचं शिक्षण म्हणाल तर बारावी आणि एक कॉम्प्युटरचा कोर्स. पण माणसं सांभाळायची अक्कल कोर्समध्ये शिकवत नाहीत. ती तिच्याकडे आधीपासून होती. कोणाला आधी बोलायला द्यायचं, कोणाला नावाने हाक मारायची आणि कोणाला नुसतं "हं" म्हणून पुढे ढकलायचं हे तिला बरोब्बर कळतं. पडद्यावर पस्तीस चौकोन असले तरी कोणत्या चौकोनात कोण जांभई देतंय आणि कोणाच्या मागून कोण डोकावतंय हे तिच्या नजरेतून सुटत नाही. याचा तिला गर्व आहे, आणि तो ती लपवत नाही.

आता तिच्या सासरच्या गावाबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिथली आहे. आंबेकोंड हे रत्नागिरीपासून एसटीने तासाभराचं गाव. नवरा रूपेश मुंबईत कंपनीत, मनिषा आणि मुलगी सानवी आठवडाभर मांडवीला, आणि सासू आवडाबाई आंबेकोंडात एकटी. "घर उघडं टाकून येणार नाय," हे तिचं उत्तर ठरलेलं. त्यामुळे दर शनिवारी मनिषाच गावाला जाते.

आंबेकोंडाच्या गावकीचे निर्णय पूर्वीपासून सहाणेवर होत आले. शिमग्यात देवाची पालखी जिथे बसते तो चौथरा म्हणजे सहाण. माघ संपता संपता तिथे गावातली पुरुषमंडळी बसायची आणि पालखीचं सगळं ठरायचं. मुंबईहून, तिथे राहणाऱ्या गाववाल्यांच्या मंडळातर्फे, एक माणूस यायचा आणि सगळ्या मुंबईकरांच्या वतीने बोलायचा. बाया सहाणेवर बसत नसत. त्या चहा पाठवायच्या, आणि काय ठरलं ते नवरा घरी आला की त्याच्या तोंडाकडे बघून ओळखायच्या.

करोनाच्या दुसऱ्या वर्षी सहाणेवर जमता येईना. तेव्हा गावाचे गावकर, म्हणजे मुख्य मानकरी, बाबल्याआबा, वय ऐंशीच्या घरातलं, काठी टेकत मनिषाकडे आले आणि म्हणाले, "तू ती बारशी करतंस तशी आमची गावकी करशील काय गो?" मनिषा लगेच हो म्हणाली. तिला वाटलं, बारशापेक्षा सोपं असणार, पाळणा तरी नाही.

आणि तिथेच ती सपाटून आपटली. गावकी बसायच्या आधी गावकर देवाला गाऱ्हाणं घालतात. ते एकेक मागणं मागतात आणि प्रत्येक मागण्यानंतर सगळा गाव एका सुरात "व्हय म्हाराजा!" म्हणतो. तो होकार पडला की सभा बसली. मनिषाने पाळण्याच्या अनुभवावरून शहाणपणा केला आणि सभेत येणाऱ्या प्रत्येकाचा आवाज आधीच बंद करून टाकला. आबांनी डोळे मिटले, हात जोडले आणि सुरुवात केली, "देवा म्हाराजा, आज तुझी लेकरं जिथं हायत तिथून एक झालीत, त्यांच्या कामाला यश दे रे म्हाराजा!" आणि पुढे काही नाही. सगळा गाव आपापल्या घरात बेंबीच्या देठापासून ओरडत होता, चौकोनाचौकोनात तोंडं उघडत होती आणि मिटत होती, आणि आबांच्या कानावर मात्र चिडीचूप शांतता. आबांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "गाव होकार देत नाय," ते म्हणाले आणि उठायला लागले. देवाने गाव सोडला की गावाने देव सोडला, हेच त्यांना कळेना.

मनिषाने तेव्हा "आबा, खाली बसा, चूक माझी आहे, देवाची नाही" असं ठणकावून सांगितलं आणि सगळ्यांचे आवाज उघडले. गाऱ्हाणं पुन्हा पहिल्यापासून झालं. होकार काही एका सुरात आला नाही. आधी वाडीतला आला, मग मुंबईचा, आणि कुवेतमधल्या एकाचा तर आबांनी पुढचं मागणं सुरू केल्यावर. पण आबा प्रसन्न झाले. "लांबचा हाय तो, त्याला येवक वेळ लागतो," म्हणाले. तेव्हापासून मनिषाचा नियम आहे. गाऱ्हाण्याला सगळे आवाज उघडे. मागे कुकर शिटी मारो, कुत्रं भुंको, काही झालं तरी.

करोना गेला पण व्हिडिओवरची गावकी राहिली, कारण मुंबईकरांना त्याची गोडी लागली. सहाणेवर एक माणूस पाठवण्यापेक्षा आपण स्वतःच घरबसल्या सगळं ऐकतोय म्हटल्यावर कोण सोडणार? आणि होस्ट दरवर्षी मनिषाच. आता यातली गंमत अशी की जी बाई अख्ख्या गावाची पालखी ठरवणारी सभा चालवायची, तिच्या स्वतःच्या घरी पालखी येत नव्हती.

मनिषाचं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट. शिमग्यात पालखी घराघरांतून नाचवत नेतात. पुढच्या दांड्याला एका बाजूला मनिषाचे सासरे धाकू होते आणि दुसऱ्या बाजूला त्यांचेच चुलतभाऊ, म्हणजे रामाचे वडील. हा रामा पुढे येईलच. आधी कोणाच्या अंगणात नाचवायची यावरून दोघांत चालता चालता बोलाचाली झाली. धाकूंना राग आवरला नाही. त्यांनी भर नाचात दांड्याखालचा खांदा काढून घेतला आणि तडक घरी निघून गेले. पालखी कलली. रामाच्या वडिलांनी ती भुईला लागू दिली नाही, पण सगळा भार अंगावर घेऊन ते दगडावर गुडघ्यावर पडले. देव वाचला आणि गुडघा गेला. ते पुढे मरेपर्यंत लंगडत चालले.

गावाने धाकूंना काही वाळीत वगैरे टाकलं नाही. लग्नात, मयतात, सगळीकडे बोलावणं असायचं. फक्त पालखी त्यांच्या पाखाडीकडे, म्हणजे घराकडे चढणाऱ्या दगडी वाटेपाशी, यायची आणि पायऱ्या न चढता पुढे जायची. आवडाबाई दरवर्षी अंगण सारवायची, रांगोळी काढायची, ओटीचं ताट भरून दारात उभी राहायची. ढोल जवळ यायचा, जवळ यायचा, आणि मग लांब जायला लागायचा. तो लांब गेला की ती ताट आत नेऊन ठेवायची आणि भाकऱ्या थापायला बसायची. मनिषाने लग्नाच्या पहिल्या वर्षी हे पाहिलं तेव्हा ती मोरीत जाऊन रडली होती. सासूला तिने कधी रडताना पाहिलं नाही.

रामाचे वडील गेले. मग मागल्या पावसाळ्यात धाकूही गेले. तेव्हा मनिषाने मनाशी ठरवलं की आता बस. ती आबांकडे गेली आणि म्हणाली, "आबा, यंदा गावकीत आमच्या घराचा विषय घ्या." आबांनी बराच वेळ काठीवर हनुवटी टेकून विचार केला. "घेतंय," ते म्हणाले. "पण एका घराची जरी नाय आली ना, तरी पालखी वळणार नाय. रीत तुला म्हायती हाय." मनिषाला माहिती होती. आणि ते एक घर कोणाचं असणार हेही माहिती होतं. रामा मुंबई मंडळाचा अध्यक्ष होता.

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर सभा बसली. मनिषाने पडवीत लॅपटॉप मांडला, शेजारी सासूला खुर्चीवर बसवलं. आवडाबाईने इस्त्रीचं लुगडं नेसलं होतं आणि ती पडद्याकडे न बघता समोरच्या माडाकडे बघत होती. चौकोन उघडायला लागले. मनिषाने हाका मारून सगळ्यांना सरळ केलं, एकाच खोलीत दोन मोबाइल लावून कर्कश आवाज काढणाऱ्या बापलेकांपैकी एकाला बाहेर घालवलं, आणि आबांचं गाऱ्हाणं झालं. नेहमीचे विषय झाले, मांडव, ढोल, सोंगं-नाच करणारे खेळे, प्रसाद. मग आबा म्हणाले, "आता धाकूच्या घराचं."

मनिषाने तेव्हा हात वर केला. होस्टने हात वर केलेला तिच्या सभेत पहिल्यांदाच पाहायला मिळत होता.

"पुढे जायच्या आधी मला बोलायचंय," ती म्हणाली. "विषय माझ्या घरचा आणि बटणं माझ्या हातात, हे बरं दिसत नाही. म्हणून मी रामाभावोजींना को-होस्ट करतेय. मी कोणाचा आवाज दाबला असं त्यांना वाटलं तर त्यांनी तो उघडावा. मला वाटलं तर त्यांनी माझासुद्धा दाबावा."

रामा त्याच्या चौकोनात चपापला. गिरगावातल्या खोलीत, मागे देवघर, केस रंगवलेले, मंडळाचं उपरणं गळ्यात. भांडायच्या तयारीने बसलेला होता आणि हिने आधीच हत्यार त्याच्या हातात दिलं. "बरं, बरं," तो म्हणाला. हातात आलेलं बटण कसं दिसतं ते बघायला गेला आणि पहिल्याच झटक्यात त्याने सगळ्या गावाचा आवाज बंद केला. दोन मिनिटं मनिषा त्याला कुठे दाबायचं ते समजावत होती. काही चौकोनांत लोक तोंडावर हात धरून हसत होते.

आवाज परत आल्यावर पहिला रूपेश बोलला. तो मुंबईतून वेगळ्या चौकोनात होता. "किती वर्षं माझ्या आयशीला दारात उभी ठेवणार तुमी?" त्याचा आवाज चढला. "बाबा गेले, आता तरी..."

"रूपेश!" रामाने त्याला मध्येच तोडलं. "तुझी आई बसलीय ना घरात? घरातलं मोठं माणूस असताना धाकट्यानं गावकीत बोलायचं नाय. एक घर, एक शब्द, आणि तो वडीलधाऱ्याचा. रीत हाय ती."

"मग काय आता बाया बोलणार काय गावकीत?" कोणीतरी विचारलं.

सगळे आबांकडे बघायला लागले. आबा शांतपणे म्हणाले, "सहाणेवर बाया बसत नायत, खरं हाय. पण ही काय सहाण हाय? आपण लोकांच्या घरात शिरून, त्यांच्या चुलीपाशी बसून गावकी करतंव. जिच्या घरात बसलंव तिलाच बोलू नको कसं सांगायचं? बोल गो आवडाबाय."

आवडाबाईने माडावरची नजर काढली आणि पडद्याकडे बघितलं. "चूक झाली," ती म्हणाली. "माझ्या घोवाचीच झाली. मी तेवाच त्याला बोललंय, जा, पाय धर भावाचे. आयकलान नाय. मेला तोवर त्याच्या मनाला ते लागून होतं, पण तोंडातून काडलान नाय. आता तो नाय. मी हाय. माझी दारात उभी ऱ्हायची ताकद हाय तोवर देव दारात यावा, एवढंच मागतंय."

मग रामा बोलायला लागला, आणि बोलतच राहिला. वडिलांचा गुडघा, वडिलांची नोकरी कशी सुटली, लंगडणाऱ्या बापाला मुंबईत जिने चढताना त्याने कसं पाहिलं, धाकूकाका एकदाही बघायला कसा आला नाही. सुरुवातीला तो अध्यक्ष म्हणून बोलत होता, थोड्या वेळाने मुलगा म्हणून बोलायला लागला. मग पुन्हा अध्यक्ष झाला आणि धाकूंना नाही नाही ते बोलायला लागला.

मनिषाचं बोट बटणावर होतं. एक टिचकी मारली असती तर रामाचं तोंड हलत राहिलं असतं आणि शब्द बंद झाले असते. शेजारी सासू मान खाली घालून गेलेल्या नवऱ्याची निंदा ऐकत होती. पण मनिषाने बोट उचललं आणि हात मांडीखाली दाबून ठेवला. तिच्या सभेत आजवर कोणाचं दुःख अर्धं तोडलेलं नव्हतं, आणि रामाचं दुःख खोटं नव्हतं. जिने चढणारा लंगडा बाप कोणाच्याही काळजात रुतून बसला असता. तिने त्याला सगळं बोलू दिलं. बोलून बोलून तो थकला आणि म्हणाला, "म्हणून मुंबईकरांची नाय."

पूर्वी सहाणेवर इथेच विषय संपला असता. मुंबईहून एकच माणूस यायचा आणि त्याची 'नाय' म्हणजे सगळ्या मुंबईची. पण आता मुंबईकर सगळेच्या सगळे समोर चौकोनांत बसलेले होते.

"आबा," मनिषा म्हणाली, "एक घर, एक शब्द, असं आताच भावोजींनी सांगितलं. सगळी घरं इथे आहेत. मी एकेका घराला हाक मारू?"

"मार," आबा म्हणाले.

तिने हाका मारायला सुरुवात केली. वाडीतली घरं आधी घेतली. ती सगळी व्हय म्हणाली, कारण पाखाडीवरून पुढे जाणारा ढोल त्यांनीही दरवर्षी ऐकलेला होता. मग मुंबईची घरं. पहिलं घर जरा घुटमळलं, रामाच्या चौकोनाकडे बघितल्यासारखं केलं, आणि म्हणालं, "आमची काय नाय नाय. येऊ दे." मग दुसरं, तिसरं. एक समर्थ नावाचा तरणा गडी खेड डेपोत गाडीची वाट बघत उभा होता. मागे भोंग्यावरून गाड्यांची नावं पुकारत होते, आणि त्यात त्याचा 'व्हय' कोणालाच ऐकू येईना. मनिषाने त्याला तीनदा म्हणायला लावला. तिसऱ्यांदा तो असा ओरडला की डेपोतली माणसं वळून बघायला लागली. एकाने आवाज बंद ठेवूनच लांबलचक भाषण केलं आणि ते संपल्यावर मनिषाने त्याला सांगितलं, "काका, भाषण छान असणार, पण आता आवाज उघडून फक्त होकार द्या." लोक हसले. हसल्यावर पुढचे होकार भराभर आले. रामा एकेका चौकोनाकडे बघत होता. ज्यांच्या नावाने तो इतकी वर्षं 'नाय' सांगत आला होता, त्यांना त्याने कधी विचारलंच नव्हतं, आणि ते आज त्यालाही कळत होतं.

रामाचं घर मनिषाने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. यात तिने लबाडी केली असं कोणी म्हणालं तर ती कबूल करेल.

"रामाभावोजींचं घर."

"नाय," रामा म्हणाला. उपरणं त्याने मुठीत धरलं होतं. "बाकीच्यांनी काय करायचं ते करू दे. माझ्या घराची नाय."

आबांनी डोळे मिटले. रूपेशने आपला चौकोन काळा करून टाकला. एक नाय म्हणजे नाय. आवडाबाई खुर्चीचे हात धरून उठायला लागली.

"आई, बसा," मनिषा म्हणाली. तिचं लक्ष रामाच्या चौकोनाच्या डाव्या कडेला होतं. सभा सुरू झाल्यापासून तिथे एक कोपर दिसत होतं. हिरव्या काचेच्या दोन बांगड्या, सुरकुतलेलं मनगट, आणि लसूण सोलणारी बोटं. रामा वडिलांबद्दल बोलायला लागला तेव्हा ती बोटं थांबली होती आणि मग पुन्हा हललीच नव्हती. मनिषाला तेव्हाच कळलं होतं ते हात कोणाचे. तिचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत निघाला.

"भावोजी, एक घर, एक शब्द, आणि तो वडीलधाऱ्याचा. तुमच्या घरात मोठं माणूस कोण?"

कडेचं कोपर सरकलं. लसणाचं ताट खाली ठेवल्याचा आवाज आला आणि चौकोनात रामाच्या खांद्यापाशी त्याच्या आईचं, आनंदीबाईचं तोंड दिसलं. गुडघ्यावर पडलेल्या माणसाची ती बायको. आवडाबाईची ती चुलत जाऊ, माहेरही दोघींचं एकच, सावर्डे. एकाच वर्षी दोघी आंबेकोंडात लग्न होऊन आल्या होत्या आणि त्या शिमग्यानंतर एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"आये, तू आत जा," रामा म्हणाला, आणि त्याचा हात मोबाइलकडे गेला.

"हात लावू नको त्याला," आनंदीबाई म्हणाली. सगळ्या गावाने ऐकलं. रामाचा हात तसाच राहिला. "तुझ्या बापसाचा गुडघा चोळला कोणी? रोज रात्री तेल लावून, मरेपर्यंत? मी चोळला. तू शाळेत होतास. मग तो राग तुझा कसा? राग माझा होता. मी ठेवला होता तो, मना हवा तेवढा ठेवला. आता म्हातारी झालंय, मना उचलवत नाय." ती थोडी पुढे झुकली, इतकी की चौकोनात नुसते तिचे डोळे आणि कपाळ दिसायला लागलं. "बाबल्याआबा, ह्या घरातलं मोठं माणूस मी हाय. माझ्या घराची व्हय. पालखी आवडाच्या दारात जाऊ द्यात."

आबांनी हात जोडले. मग मनिषाने न सांगताच कुठून तरी "व्हय म्हाराजा" आलं, मग दुसरीकडून, मग सगळीकडून, पुढेमागे, जसं येतं तसं. रामा डोकं खाली घालून बसला होता. रूपेशचा चौकोन पुन्हा उजळला आणि त्यात त्याने बाहीने डोळे पुसलेले सगळ्यांनी पाहिले. मनिषाही रडत होती, पण होस्ट म्हणून तिने नाव घेऊन प्रत्येकाचे आभार मानले आणि सभा संपली असं जाहीर केलं. चौकोन एकेक करून मिटायला लागले. आबा गेले, वाडी गेली, खेडच्या डेपोतला समर्थ गाडी लागली म्हणून पळाला.

शेवटी पडद्यावर दोनच चौकोन राहिले. एकात पडवीतल्या खुर्चीवर आवडाबाई. दुसऱ्यात आनंदीबाईचं कपाळ, कारण मोबाइल धरायचा कसा ते तिला माहीत नव्हतं. मनिषाने पहिल्यांदाच कोणाला मोबाइल सरळ धरायला सांगितलं नाही.

आवडाबाईने पदर सारखा केला, घसा साफ केला, आणि समोर दारात कोणी आल्यावर विचारतात तसं विचारलं,

"आनंदे, जेवलीस गो?"

"कुठची जेवतंय," पलीकडून आवाज आला, ओला झालेला. "मिटिंग हाय म्हटल्यापासून घास उतरत नाय. इच्यारलान कोणी तर काय सांगायचं ते सकाळपासून मनात घोकतंय. आणि हा मेला मना इच्यारीनाच."

मागून रामाचा दबका आवाज आला, "आये, मोबाइल दे माझा." आनंदीबाईने त्याला "थांब" म्हटलं.

होस्ट निघून गेला की सभा बंद पडते. म्हणून मनिषाने लॅपटॉपला चार्जर लावला, तो सासूच्या जरा जवळ सरकवला, आणि ती अंगणात जाऊन बसली. आतून बोलणं ऐकू येत होतं. त्या दिवशी ती सभा बंद करायला ती उठलीच नाही.